नीम नगरीचें पाणी

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागांत, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून फार दूर नाहीं अशा प्रदेशांत, नीम नांवाचें एक शहर आहे. रोमन काळीं त्याला नेमाउसुस म्हणत. नेमाउसुस हें मूळचें एका देवाचें नांव. आणि तो देव म्हणजे तेथील टेकडीच्या पायथ्याशीं उगवणाऱ्या एका झऱ्याचें दैवत. रोमन लोक त्या भूमीवर येण्यापूर्वींच केल्टिक लोक या झऱ्याभोंवतीं वस्ति करून राहिले होते. पाणी होतें म्हणून गांव वसलें, आणि गांव वसलें म्हणून पाण्याला देवत्व आलें. कितीतरी जुन्या नगरांची कुळकथा अशीच आहे. परंतु या नगरीची कथा येथें संपत नाहीं. दाराशीं वाहणाऱ्या झऱ्यावर संतुष्ट न राहतां तिनें पन्नास किलोमीटरांच्या वाटेनें दुसरें पाणी आणविलें, तें सुमारें पांच शतकें वापरलें, आणि अखेरीस गमाविलें. तें पाणी आलें कसें आणि गेलें कसें, याची हकीकत तेथील दगडांनीं राखून ठेविली आहे.

ख्रिस्ती सनाच्या आरंभापूर्वींच्या दशकांत, सम्राट ऑगस्टसच्या कारकीर्दींत, नीम ही रोमन वसाहत म्हणून भरभराटीस आली. तिच्याभोंवतीं सुमारें सहा किलोमीटर लांबीचा तट उभा राहिला. त्या तटाच्या एका वेशीवर इ. स. पू. १६ या सालाचा बोध करून देणारा लेख अद्यापि आहे. आणि टेकडीच्या माथ्यावरील ‘तूर मान्य’, म्हणजे मोठा बुरूज, आपलें वरचें शिखर गमावूनहि शहरावर पहारा देत उभा आहे. नगरीनें आपलें नाणेंहि पाडलें. त्याच्या एका बाजूस ऑगस्टस व त्याचा सेनापति अग्रिप्पा यांचे मुखवटे, आणि दुसऱ्या बाजूस ताडाच्या झाडाला सांखळीनें बांधलेली मगर. मगर म्हणजे जिंकलेला मिसर देश, असा त्या चित्राचा अर्थ करितात. हीच मगर इ. स. १५३५ मध्यें शहराच्या राजचिन्हांत आली आणि आजहि तेथें आहे.

अशा वाढत्या नगरीला झऱ्याचें पाणी पुरेना. तो झरा चुनखडीच्या डोंगरांतून येणारा. पावसाळ्यांत उसळणारा आणि उन्हाळ्यांत अगदीं रोडावणारा. शिवाय उंचावरील वस्तीला तें पाणी चढणें शक्य नव्हतें. तरीहि केवळ पिण्यापुरताच प्रश्न असता, तर विहिरी व आड यांवर काम भागलें असतें. रोमन नगरीला पाणी हवें होतें तें सार्वजनिक स्नानगृहांसाठीं, चौकाचौकांतील कारंज्यांसाठीं, उद्यानांसाठीं आणि गटारें धुऊन काढण्यासाठीं. वाहतें पाणी ही नुसती सोय नव्हती. ती नागरिकत्वाची खूण होती. ज्या शहरांत पाणी रात्रंदिवस खळखळत वाहतें तेंच खरें शहर, ही त्या काळची समजूत होती. म्हणून नीमच्या जलवाहिनीकडे पाहतांना गरज आणि वैभव या दोहोंचाहि विचार करावा लागतो. एकीला दुसऱ्यापासून निराळें काढतां येत नाहीं.

नीमच्या उत्तरेस युझेस नांवाचें गांव आहे. त्याच्या पायथ्याच्या दरींत ‘यूर’ नांवाचा बारमाही झरा वाहतो. शहरापासून तो सरळ रेषेंत सुमारें वीस किलोमीटर. परंतु मध्यें डोंगराळ, खडकाळ मुलूख आडवा पडलेला; त्यांतून सरळ येणें अशक्य. म्हणून जलवाहिनीनें पूर्वेकडे मोठा वळसा घेतला, आणि वीस किलोमीटरांचे पन्नास किलोमीटर, म्हणजे सुमारें एकतीस मैल, झाले. यापेक्षांहि कठीण गोष्ट निराळीच होती. झऱ्याची पातळी आणि शहरांतील हौदाची पातळी यांत फरक होता अवघा साडेबारा मीटरांचा. या साडेबारा मीटरांचा उतार पन्नास किलोमीटरांवर पसरावयाचा, म्हणजे दर किलोमीटरामागें सरासरी एक वीत! कोठें अधिक उतार दिला तर पुढें पाणी खालीं राहून शहरांत चढणार नाहीं; कोठें कमी दिला तर तें तुंबेल.

हें काम त्या लोकांनीं कोणत्या साधनांनीं केलें? व्हिट्रूव्हियस या रोमन स्थापत्यकारानें अशा कामाच्या उपकरणाचें वर्णन करून ठेविलें आहे. वीस रोमन फूट लांबीची एक सरळ लांकडी पट्टी, तिला दोन्ही टोंकांस पाय, आणि पट्टीवरून सोडलेले ओळंबे. वाऱ्यानें ओळंबे हलूं लागले, तर पट्टीच्या माथ्यावर एक लांबट खोबण कोरलेली असे. तींत पाणी भरून पातळी पाहावयाची. आपल्या गवंड्यांच्या पाणसळीचाच हा मोठा भाऊ. असलीं साधनें घेऊन डोंगराच्या कुशींतून, दऱ्यांच्या कडेनें, टप्प्याटप्प्यानें पातळी नेत नेत ते लोक नीमपर्यंत पोंचले. त्यांच्या गणितांत कोठेंच चूक झाली नाहीं असें मात्र नव्हे. मार्गाच्या कांहीं भागांत उतार इतका अल्प पडला आहे कीं, पाण्याच्या मानानें पाटाच्या भिंती मागाहून उंच कराव्या लागल्याचें दिसतें. चुकीची दुरुस्ति करून काम तडीस नेलें, यांतहि त्यांची योग्यता दिसते.

जलवाहिनी म्हटली कीं उंच कमानींचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. पण नीमच्या वाहिनीचा बहुतेक भाग डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हताच. पन्नासांपैकीं सुमारें पस्तीस किलोमीटर ती जमिनीखालून जाई. खंदक खणावयाचा, त्यांत सुमारें चार फूट रुंद व सहा फूट उंच असा दगडी पाट बांधावयाचा, वर छत घालावयाचें, आणि माती लोटून द्यावयाची. असा हा प्रकार. कांहीं ठिकाणीं तर टेकडी फोडून बोगदे काढले आहेत. सेर्न्याक गांवाजवळ त्यांच्या भिंतींवर पाथरवटांच्या टांकीचे घाव अजून मोजतां येतात. पाटाच्या आंतून विटांची भुकटी घातलेल्या चुन्याचा गिलावा केलेला असे. आपल्याकडील जुन्या हौदांस सुर्खीचा गिलावा करीत, त्याच जातीचा हा. बंद पाटामुळें पाणी थंड राही, त्यांत पालापाचोळा पडत नसे, आणि वाटेंत कोणी शत्रूनें अडथळा करण्याचें भयहि कमी होई.

परंतु गार्दों नदीच्या खोल दरीपाशीं येतांच लपून जाण्याचा मार्ग खुंटला. येथें पाणी आकाशांतून न्यावें लागलें. त्यासाठीं जो सेतु उभारला तोच ‘पों द्यु गार’ या नांवानें जगप्रसिद्ध झाला आहे. एकावर एक असे कमानींचे तीन मजले. खालच्या मजल्यांत सहा कमानी, मधल्यांत अकरा, आणि अगदीं वर लहान कमानींची रांग. पूर्वीं त्या वरच्या कमानी सत्तेचाळीस होत्या; आज पस्तीस उरल्या आहेत. नदीच्या पात्रापासून माथ्यापर्यंत उंची ४८.८ मीटर, म्हणजे सुमारें १६० फूट. आज उभ्या असलेल्या रोमन जलसेतूंत याहून उंच दुसरा नाहीं. सर्वांत मोठ्या कमानीचा गाळा ८० फुटांचा आहे. दगड जवळच्याच खाणींतला. मऊसर, पिंवळट चुनखडीचा. त्याचे कांहीं चिरे सहा सहा टन वजनाचे असून खालच्या दोन मजल्यांत ते चुन्याशिवायच एकमेकांवर बसविलेले आहेत. कोणता चिरा कोठें बसवावयाचा याच्या खुणा व आंकडे पाथरवटांनीं दगडांवर कोरले, ते अद्यापि वाचतां येतात. खांबांच्या अंगांतून मधून मधून कांहीं दगड बाहेर डोकावतात. परांचीचीं लांकडें टेकविण्यासाठीं ते ठेवले होते. काम संपल्यावर ते तासून टाकण्याची तसदी कोणी घेतली नाहीं. पाहणाऱ्याला आज त्यांतच शोभा वाटते.

या सेतूवरून जाणारें पाणी उगमापासून शहरांत पोंचण्यास एका दिवसाहून कांहींसा अधिकच वेळ घेई. शहराच्या उंचवट्यावर तें एका वाटोळ्या हौदांत पडे. हा हौद इ. स. १८४४ मध्यें सांपडला. त्याचा व्यास सुमारें सहा मीटर आणि खोली दीड मीटराच्या आंत. त्याच्या भिंतींत दहा मोठीं भोकें आहेत. त्यांतून शिशाचे जाड नळ शहराच्या निरनिराळ्या भागांकडे जात. तळाशीं आणखी तीन भोकें असून तीं हौद रिकामा करून धुण्यासाठीं असावींत, असें मानितात. दिवसास तीन ते चार कोटी लिटर पाणी येथून वांटलें जात असावें, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या लहानशा हौदापुढें उभें राहिल्यावर सेतूपेक्षांहि एक गोष्ट मनावर अधिक ठसते. ती ही कीं, पाणी आणण्याइतकीच तें वांटण्याचीहि व्यवस्था लागते. कोणत्या वस्तीला किती, स्नानगृहाला किती, श्रीमंताच्या वाड्याला किती, हा निर्णय कोणीतरी रोजच्या रोज घेत होतें, आणि त्यासाठीं झडपा उघडणारे व मिटणारे हात तेथें होते.

ही जलवाहिनी कोणीं बांधली, याविषयीं विद्वानांचें मत बदललेलें आहे. इ. स. पू. १९ च्या सुमारास अग्रिप्पा या प्रांतांत होता, आणि रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचीं मोठीं कामें त्यानेंच केलीं होतीं. म्हणून नीमचें यशहि दीर्घ काळ त्याच्याच पदरांत टाकलें जात असे. परंतु १९८० नंतरच्या दशकांत जलवाहिनीच्या मार्गावर पद्धतशीर संशोधन झालें. झां-ल्यूक फिश, झां-लुई पाये आदि संशोधकांनीं पाटाच्या बांधकामाबरोबर सांपडलेलीं खापरें व नाणीं तपासलीं. तीं ऑगस्टसच्या काळचीं नसून त्यानंतरच्या काळांतलीं निघालीं. त्यावरून हें काम इ. स. ४० ते ६० या वीस वर्षांत, मुख्यतः सम्राट क्लॉडियसच्या अमदानींत, झालें असावें असें आज बहुतेकांचें मत आहे. फुटक्या मडक्याच्या तुकड्यानें एका थोर सेनापतीचें श्रेय काढून घ्यावें, ही पुराणवस्तुशास्त्राची नेहमींचीच करामत आहे.

आतां पाणी गेलें कसें हें पाहिलें पाहिजे. कारण या हकीकतीचें खरें मर्म त्यांत आहे. साधारण समजूत अशी कीं, रानटी टोळ्या आल्या, त्यांनीं कमानी पाडल्या आणि पाणी बंद पडलें. नीमच्या बाबतींत सेतु तर आजहि उभा आहे! मग पाणी कां थांबलें? याचें उत्तर पाटाच्या आंतल्या भिंतींवर आहे. यूर झऱ्याचें पाणी चुनखडींतून येणारें, म्हणून जड. वाहतां वाहतां तें आपल्याबरोबरचा क्षार भिंतींवर ठेवून जाई. आपल्या घरांतील पाणी तापविण्याच्या बंबांत पांढरें कीट धरतें तसाच हा प्रकार. पण शतकानुशतकें सांचत गेलेला. वर्षामागून वर्षें पुटें चढत जाऊन दोन्ही बाजूंस मिळून मूळच्या चार फूट रुंदीचा मोठा भाग त्यांनीं व्यापला. कांहीं ठिकाणीं तर एकेका भिंतीवरील थर जवळ जवळ अर्ध्या मीटराचा आहे.

झाडाच्या खोडांतील वलयांवरून जसें त्याचें आयुष्य वाचतात, तसे हे थर अभ्यासकांनीं वाचले आहेत. आरंभींच्या काळांतील थर स्वच्छ, घट्ट आणि एकसारखे आहेत. त्या काळीं पाट नियमानें साफ होत होता, छताच्या फटी बुजविल्या जात होत्या, आंत शिरणारीं मुळें कापलीं जात होतीं. चौथ्या शतकाच्या सुमारापासून थरांचें रूप पालटतें. त्यांत गाळ दिसूं लागतो, माती दिसूं लागते, झाडांच्या मुळ्यांचे अवशेष दिसूं लागतात. याचा अर्थ स्पष्ट आहे. एखाद्या वर्षीं सफाई राहिली. छताचा दगड सरकला, तो कोणी नीट बसविला नाहीं. मूळ आंत आलें, तें कोणी कापलें नाहीं. कोणत्याहि एका दिवशीं जलवाहिनी मेली असें म्हणतां येणार नाहीं. सहाव्या शतकापर्यंत तिच्यांतून थोडेंबहुत पाणी येत होतें, असें दिसतें. त्यानंतर शहरानें तिची आशा सोडली.

ही हेळसांड आळसामुळेंच झाली असें म्हणणें अन्यायाचें होईल. पन्नास किलोमीटरांचा पाट राखावयाचा तर कायमचे कामगार हवेत, त्यांचें वेतन हवें, मार्गाच्या दोन्ही बाजूंची जमीन मोकळी ठेवणारा कायदा हवा, आणि पाणीचोरांना शासन करणारा अधिकारी हवा. खुद्द रोममध्येंहि चोरून नळ जोडणाऱ्यांनीं अधिकाऱ्यांना जेरीस आणलें होतें, इ. स. ९७ मध्यें त्या शहराच्या पाण्याचा प्रमुख झालेल्या फ्राँटिनसनें आपल्या ग्रंथांत ही तक्रार सविस्तर नमूद केली आहे. साम्राज्याचा दाब ढिला पडला, नगरसभांच्या तिजोऱ्या आटल्या, शहरें आंकसलीं. तेव्हां ही सारी यंत्रणाच नाहींशी झाली. दगड होते, उतार होता, झराहि होता. नव्हतीं तीं राखणारीं माणसें.

पांचव्या शतकांत व्हिसिगॉथ लोकांनीं नीमचें भव्य लंबवर्तुळाकार क्रीडागृह किल्ला म्हणून वापरण्यास आरंभ केला. ज्या ठिकाणीं एके काळीं वीस हजारांहून अधिक प्रेक्षक बसत, त्याच्या भिंतींच्या आश्रयास उरलेलें शहर आलें. इ. स. ७३७ मध्यें चार्ल्स मार्टेलच्या सैन्यानें तें जाळून काढण्याचा प्रयत्न केला. तरी तें टिकलें, आणि पुढें त्याच्या पोटांत घरें, गल्ल्या व देवळें यांचें एक गांवच वसलें. जलवाहिनीच्या मार्गावर मात्र आसपासचे लोक आपल्या गरजेप्रमाणें दगड नेऊं लागले. पाटाच्या भिंतींवर सांचलेल्या क्षाराच्या लाद्याहि त्यांनीं सोडल्या नाहींत. त्या लाद्या कठीण व चांगल्या गुळगुळीत असल्यामुळें त्या प्रदेशांतील मध्ययुगीन चर्चच्या बांधकामांत त्या बसविलेल्या आढळतात. ज्या वस्तूनें पाणी बंद पाडलें, तिचीच अशी इमारत झाली!

मग सेतु कां वांचला? तो नदी ओलांडण्याच्या कामीं पडला म्हणून. मधल्या मजल्याच्या खांबांशेजारून माणसें व जनावरें पलीकडे जाऊं लागलीं. युझेसच्या सरदारांना या वाटेवर जकात घेण्याचा हक्क मिळाला, आणि त्याबरोबर सेतूची निगा राखण्याची जबाबदारीहि आली. जकातीच्या लोभानें का होईना, कोणीतरी त्याच्याकडे लक्ष ठेविलें. वाट रुंद करण्याच्या पायीं त्याला इजाहि झाली. १७ व्या शतकाच्या पूर्वार्धांतील धर्मयुद्धांत प्रॉटेस्टंट सेनानी ड्यूक द रोआं यानें तोफा नेण्यासाठीं मधल्या मजल्याचे खांब एका बाजूनें कोरून पातळ केले; सेतु कलण्याच्या बेतास आला. १८ व्या शतकाच्या आरंभीं त्याची डागडुजी झाली. पुढें १७४३ ते १७४७ या काळांत आंरी पितो या स्थापत्यविशारदानें खालच्या मजल्याला लागूनच वाहतुकीसाठीं नवा पूल बांधून जुन्या खांबांवरील भार काढून घेतला. १८३५ मध्यें प्रॉस्पेर मेरिमे यानें सेतूची पाहणी केली, त्या वेळीं त्याची स्थिति पुन्हा चिंताजनक झालेली होती. आणि तिसऱ्या नेपोलियनच्या कारकीर्दींत, १८५५ ते १८५८ च्या दरम्यान, शार्ल लेनेच्या देखरेखीखालीं त्याचा जीर्णोद्धार झाला. १९५८ च्या महापुरांत प्रचंड लोंढा खालच्या कमानींतून गेला, तरी सेतु हलला नाहीं. १९८५ पासून तो जागतिक वारशाच्या यादींत आहे.

नीम शहरांतील दुसऱ्या एका इमारतीचा इतिहासहि हेंच सांगतो. ‘मेझों कारे’, म्हणजे चौकोनी घर, या नांवानें ओळखलें जाणारें तेथील रोमन मंदिर आज जवळ जवळ अभंग आहे. तें कोणाप्रीत्यर्थ बांधलें हें लोक विसरून गेले होते, कारण दर्शनी भागावरील ब्राँझचीं अक्षरें कधींच नाहींशीं झालीं होतीं. उरलीं होतीं तीं त्यांच्या खिळ्यांचीं भोकें. झां-फ्रांस्वा सेगिए या विद्वानानें १७५८ मध्यें त्या भोकांची मांडणी अभ्यासून मूळ अक्षरें जुळविलीं. आणि तें मंदिर ऑगस्टसनें वारस म्हणून दत्तक घेतलेले त्याचे दोन नातू, गाइयस व ल्यूशियस, यांना अर्पण केलेलें होतें असें सिद्ध केलें. हें मंदिर टिकलें तें भक्तीनें नव्हे. तें कधीं नगरभवन झालें, कधीं तबेला, कधीं चर्च, कधीं दफ्तरखाना. प्रत्येक पिढीला त्याचा कांहीं ना कांहीं उपयोग सांपडला, म्हणून प्रत्येक पिढीनें त्याचें छप्पर शाबूत ठेविलें.

पाण्याच्या नशिबीं हें भाग्य नव्हतें. फुटक्या मंदिराचा तबेला होतो, ओस क्रीडागृहाचा किल्ला होतो, कोरड्या सेतूचा रस्ता होतो. पण बुजलेल्या पाटाचें कांहींच होत नाहीं. आणि त्याची उणीव शहराला दीर्घ काळ जाणवली. पुढील शतकांत नीम हें कापड विणण्याचें व रंगविण्याचें मोठें केंद्र झालें. डेनिम या जाड कापडाचें नांवहि नीमवरूनच पडलें, असें सामान्यतः सांगतात. कापड धुण्यास व रंगविण्यास पाणी हवें, आणि पाणी तर पुन्हा त्या एकट्या जुन्या झऱ्याचेंच. १८ व्या शतकांत झऱ्याभोंवतीं खोदाई झाली ती मुळांत पाणी वाढविण्याच्या हेतूनें. त्या खोदाईंत नेमाउसुस देवाच्या जुन्या स्थानाचे अवशेष वर आले, आणि तेथें आजचें रम्य उद्यान उभें राहिलें. पाण्याची टंचाई मात्र राहिलीच. अखेर १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत रोन नदीचें पाणी यंत्रांच्या साहाय्यानें शहरांत आणण्यांत आलें. सहाव्या शतकांत जें गमाविलें तें भरून येण्यास तेराशें वर्षें लागलीं.

नीमला जाणारा प्रवासी आज गार्दों नदीच्या कांठीं उभा राहून तीन मजल्यांच्या त्या कमानी पाहतो आणि रोमन लोकांच्या कर्तृत्वापुढें मान लववितो. तें योग्यच आहे. पण तेवढ्यानें त्या कामाची पुरी ओळख होत नाहीं. सेतु बांधणारे कारागीर फार तर एका पिढीचे. त्यांच्यामागून, अंधाऱ्या पाटांत दिवा घेऊन उतरणारे, गाळ उपसणारे, फटी बुजविणारे आणि मुळें कापणारे जे निनांवी कामगार होऊन गेले, ते पिढ्यान् पिढ्यांचे होते. त्यांचा पुतळा कोठें नाहीं, लेख कोठें नाहीं. त्यांची साक्ष एकच. आणि ती म्हणजे पाटाच्या भिंतीवरील आरंभींचे ते स्वच्छ, एकसारखे थर. जोंवर ते आपलें काम करीत होते, तोंवर नीमच्या चौकांतलीं कारंजीं वाहत होतीं.